आजची कृपा आजच

(ज्युबिलीनिमित्त विश्रामबाग येथील सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी आपणांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा विषयाचा शोध करण्यास दूर जावे लागले नाही. तो आपल्या वस्तीच्या नावातच होता. मिरजेहून सांगलीस जाणारा मनुष्य विश्रामबाग हे नाव रेल्वेच्या लहानशा स्टेशनावर वाचतो, बसच्या पाटीवर वाचतो, आणि पुढे जातो. परंतु विश्रामबागेत राहणाऱ्या आपणांपैकी किती जणांच्या मनास विश्राम आहे, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण जाईल. येथे १९१९ पासून विलिंग्डन महाविद्यालय आहे, १९४७ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यास परीक्षेची काळजी, त्याच्या बापास फीची काळजी, आईस मुलीच्या लग्नाची काळजी, आणि म्हाताऱ्यांस आपण कोणाच्या ओझ्याने मरणार ह्याची काळजी. बाग आहे, विश्राम मात्र नाही.

ज्युबिली ही देखील मुळात विश्रामाचीच आज्ञा होय. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देवाने इस्राएल लोकांस आज्ञा केली की, पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी पेरणी करू नये, कापणी करू नये. हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी आणि दास्यात पडलेला बांधव मोकळा व्हावा. दर सातव्या वर्षीही जमिनीस अशीच विश्रांती द्यावयाची होती. त्याच अध्यायात लोकांच्या मनातील शंकाही नोंदलेली आहे : पेरले नाही तर आम्ही खावे काय? बंधुजनहो, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचा हा प्रश्न आणि आज रात्री आपल्या उशाशी बसणारा प्रश्न, हे दोन प्रश्न नव्हेत. तो एकच प्रश्न आहे : उद्या काय होईल? म्हणून ज्युबिलीच्या दिवशी आपण ह्याच प्रश्नास सामोरे जाऊ.

आमच्या ह्या जिल्ह्यात उद्याच्या भयास एक माप आहे, आणि ते फुटांत मोजतात. १९२९ सालापासून कृष्णेवर उभा असलेला आयर्विन पूल आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेथे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर गेले की धोका. २००५ साली ते ५३ फुटांच्या वर गेले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर चढले. त्या महिन्यात सहस्रावधी कुटुंबांनी अंगावरच्या वस्त्रांनिशी घरे सोडली. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ गावी माणसांस सुरक्षित स्थळी नेणारी नावच उलटली, आणि वाचावे म्हणून निघालेली माणसे बुडाली. २०२१ च्या जुलैत नदीने पुन्हा धोक्याची रेषा ओलांडली.

तेव्हापासून एक गोष्ट आमच्या पाहण्यात आहे. नदीस महापूर काही वर्षांनी येतो. मनास मात्र तो दरवर्षी येतो. आषाढात चार दिवस झड लागली की घराघरांत पुलाखालच्या पाण्याचा आकडा विचारला जातो. भ्रमणध्वनीवर तो तासातासाने येतो. नदी अजून ३० फुटांवर असते, पण मन ५७ फुटांवर पोहोचलेले असते. ताटातील घास गोड लागत नाही, लेकराचे बोलणे कानावर पडत नाही, जपमाळेचे मणी बोटांतून सरकतात आणि प्रार्थना भलतीकडेच जाते. पूर न येताच पुराने घर लुटून नेलेले असते. नदीकाठच्या पुराविषयी जे खरे, तेच आजाराविषयी, कर्जाविषयी, निकालाविषयी व नोकरीविषयी खरे होय.

मनाच्या ह्या भटकंतीचे अलीकडे विद्वानांनीही माप घेतले आहे. २०१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी सुमारे २,२५० प्रौढ मनुष्यांस दिवसात वेळी-अवेळी विचारून पाहिले की, ह्या क्षणी तुमचा हात कशात आहे व मन कशात आहे. तेव्हा असे दिसले की, जागेपणीच्या जवळजवळ ४७ टक्के वेळी मन हातातील कामावर नसतेच. आणि मन असे भटकते तेव्हा मनुष्य कमी सुखी असतो. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात मौन धरून, श्वासाकडे लक्ष देऊन मन वर्तमानात आणण्याचा अभ्यास अनेक लोक करतात, त्यांच्या चिकाटीविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ख्रिस्ती मनुष्यास चालू क्षणात नुसते जागे राहावयाचे नसते. त्या क्षणात त्यास कोणाला तरी भेटावयाचे असते. देव काल होता व उद्याही असेल हे खरे. तथापि आपणांस तो भेटू शकतो तो केवळ आता. काल आपल्या हातून गेला, उद्या हाती आला नाही, मग भेटीची दुसरी जागा उरते कोणती?

सांगली ही बाजारपेठ आहे, म्हणून बाजारातील एक पाटी आपणांस आठवून देतो. किराणा दुकानांत पूर्वीपासून लिहिलेले असते : आज रोख, उद्या उधार. उधारी मागणारा गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आला तरी पाटीवर आजच असते, आणि त्याची उद्या कधी उगवत नाही. देवाची कृपाही अशीच रोखीची आहे. आजच्या ओझ्यापुरते बळ तो आज मोजून देतो. उद्याचे ओझे आपण आजच उचलू गेलो, तर ओझे दुप्पट होते आणि बळ मात्र आजच्यापुरतेच राहते. मनुष्य मोडतो तो बहुधा येथे. आजच्या दुःखाने मोडलेली माणसे थोडी. आजचे व उद्याचे अशी दोन्ही दुःखे एकाच खांद्यावर घेऊन मोडलेली फार.

अरण्यात इस्राएल लोकांस मान्ना मिळत असे, त्याचा नियमही हाच होता. रोज सकाळी त्या दिवसापुरते गोळा करावे. ज्यांनी अविश्वासाने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले, त्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडलेले आढळले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, आणि ते नासत नसे. कारण ते देवाच्या सांगण्यावरून ठेवलेले होते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची. वर्षाची शिधासामग्री मागत नाही. आणि पवित्र मरियेस नमस्कार करताना आपण तिच्या विनवणीची याचना दोनच वेळांसाठी करतो : एक ही चालू वेळ, आणि दुसरी आपल्या मरणाची. ह्या दोहोंच्या मधल्या वेळांची नावे त्या प्रार्थनेत नाहीत. का नाहीत? कारण त्यांतील प्रत्येक वेळ आपल्या पाळीने चालू वेळ होऊन येणार आहे, आणि एके दिवशी ह्या दोन वेळा एकच होणार आहेत. जो चालू वेळ देवाबरोबर घालविण्यास शिकला, त्याने मरणाची तयारी न कळत करून ठेवली, असे आम्ही समजतो.

येथे कोणी शहाणा गृहस्थ म्हणेल, “हे ऐकण्यास बरे; पण तुमच्या उपदेशाने चालावे तर घरात दाणा राहावयाचा नाही. गरिबाने उद्याचा विचार केला नाही तर त्यास विचारणार कोण?” हा आक्षेप रास्त आहे व त्यास उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

सांगलीजवळच्या हरिपुरास जमिनीत खोल पेवे खोदून हळद साठविण्याची रीत फार जुनी. पेवाचे तोंड बंद केले की आत हवा जात नाही, कीड लागत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरून पुष्कळ हळद नासली, हेही आपण जाणतो. पेव भरणे हा अविश्वास नव्हे. ज्या शेतकऱ्याने आपले पीक वाळवून, निवडून, जपून पेवात ठेवले, त्याने आजचे काम आज केले. संत लूकच्या शुभवर्तमानातील धनवान मूर्ख ठरला तो कोठारे बांधू म्हणाला एवढ्यावरून नव्हे, तर कोठार भरले म्हणजे माझा जीव सुरक्षित झाला, असे त्याने मानले म्हणून. पेव हळद राखील. जीव राखणे त्याच्या हाती नाही.

ह्याच शहरात हळदीचा वायदेबाजारही चाले. पुढल्या महिन्याच्या मालाचा भाव आज ठरवावयाचा, असा तो व्यवहार. व्यापारात त्याचा उपयोग असेल. परंतु मनाने वायद्याचा धंदा करू नये. पेव भरणारा आणि मनात वायदे करणारा ह्या दोघांतील भेद ओळखण्याची खूण आम्ही सांगतो. ज्या विचाराच्या शेवटी हातांस आज काही काम सापडते, ती दूरदृष्टी. ज्या विचाराच्या शेवटी पुन्हा तोच विचार येऊन उभा राहतो, ती काळजी. पावसाळ्यापूर्वी घराची कागदपत्रे एका पिशवीत बांधून उंचावर ठेवणे, म्हाताऱ्या आईस कोणाकडे न्यावयाचे ते ठरविणे, शेजारच्या एकट्या विधवेचे सामान कोण हलवील ह्याची वाटणी करणे, ही सर्व आजची कामे आहेत आणि ती न करणे हा देवावरील भरवसा नसून आळस होय. ती झाल्यावर रात्री दोन वाजता पाण्याचा आकडा पाहत बसणे ह्यात मात्र कोणतेच काम नाही. त्या वेळी अंथरुणावर पडणे, हेच त्या तासाचे कर्तव्य. आणि ज्याच्या घरी खरोखरच उद्याचा दाणा नाही, त्यास ‘उद्याची चिंता करू नको’ असे नुसते सांगून आपण निघून गेलो, तर तो उपदेश आपल्यावरच उलटेल. त्याची उद्या हे आपले आजचे काम आहे.

उद्याप्रमाणे कालही मनुष्यास छळतो. पेवाविषयी जाणते लोक एक सावधगिरी सांगतात : पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये. आत कोंडलेली हवा जीवघेणी असते. तोंड उघडून ते काही वेळ तसेच राहू द्यावे, आणि मग उतरावे. मागील दुःखाचेही असेच आहे. वाहून गेलेले घर, मेलेले लेकरू, भावाशी झालेले वैर, स्वतःच्या हातून घडलेले पाप, ही सर्व मनाच्या तळाशी कोंडून ठेवून कित्येक जण रात्री एकटेच त्यांत उतरतात आणि गुदमरतात. ख्रिस्तसभेने ह्यावर उपाय ठेवला आहे. पाप असेल तर प्रायश्चित्ताच्या साक्रामेंतात त्याचे तोंड उघडावे; क्षमा झालेले पाप पुन्हा पुन्हा उकरणे म्हणजे देवाच्या दयेचा हिशेब आपण तपासणे होय. आणि दुःख असेल तर रडावे. लाजराच्या थडग्यापाशी आपला प्रभूही रडला. आज आलेले रडू आज रडणे, हाही वर्तमानातच राहण्याचा एक प्रकार आहे.

आता हे आचरणात आणता येते काय, हे पाहू. प्रथम आपल्याच धर्मप्रांतातील एक उदाहरण घेऊ. जर्मनीतून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हेन्री डोरिंग ह्यांनी १९०३ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ‘निरोप्या’ ह्या मराठी मासिकाचा आरंभ केला. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. पुढे पहिले महायुद्ध पेटले. जर्मन मिशनऱ्यांस हा देश सोडावा लागला, आणि मराठी भाषेत घातलेले सारे आयुष्य तुटल्यासारखे झाले. १९२१ साली त्यांच्याकडे जपानातील हिरोशिमाचा कारभार सोपविण्यात आला. साठी उलटलेल्या मनुष्यापुढे नवा देश, नवी भाषा, नवे लोक! त्यांनी तेथे काम केले, आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. इतके मात्र दिसते की, पुण्याची वाट उघडेपर्यंत हात बांधून बसण्याचे त्यांनी पत्करले नाही. जेथे ठेवले तेथे दिवस भरला.

दुसरे उदाहरण परदेशचे आहे. परंतु जुन्या गोव्यात ज्या संताचे शरीर आहे त्या फ्रान्सिस झेवियरचेच नाव त्या पुरुषास होते. व्हिएतनामचे फ्रान्सिस झेवियर न्गुयेन वान थुआन ह्यांची एप्रिल १९७५ मध्ये सायगावच्या महाधर्मप्रांतात नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टास, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, नव्या सरकारने त्यांस अटक केली. ते तेरा वर्षे बंदिवासात राहिले. त्यांतील नऊ वर्षे एकांत कोठडीत. आरंभी कळपाच्या आठवणीने त्यांचा जीव तळमळे. सुटकेची वाट पाहावी, हा एक मार्ग होता. परंतु वाट पाहता पाहता आयुष्य सरेल, आणि ज्या दिवसाची वाट पाहिली तो कदाचित उगवणारही नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी निश्चय केला की, वाट पाहावयाची नाही. जो क्षण हाती आहे तो प्रीतीने काठोकाठ भरावयाचा.

ह्या निश्चयाचे पुढे काय झाले? सात वर्षांच्या एका मुलाकडून त्यांनी जुन्या दिनदर्शिकेची पाने मागविली, आणि रात्री त्यांच्या मागल्या कोऱ्या बाजूस आपल्या लोकांसाठी बोध लिहिला. ती पाने बाहेर गेली, लोकांनी उतरून घेतली, त्यांचे पुस्तक झाले. पोटाच्या औषधाच्या नावाखाली आलेल्या द्राक्षरसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते पवित्र मिस्सा अर्पण करीत. तळहात हीच वेदी, तोच चषक. ते २१ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटले, पुढे कार्डिनल झाले, २००२ साली प्रभूघरी गेले, आणि २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांस पूजनीय म्हणून घोषित केले. बंधुजनहो, ज्या मनुष्यापाशी तीन थेंबच होते त्याने ते अर्पण केले. आपण घागर भरण्याची वाट पाहत बसलो आहोत.

तरी कोणी असे समजू नये की, असे जगणाऱ्यास भय वाटत नाही. आपल्या वस्तीच्या नावात जशी बाग आहे, तशी शुभवर्तमानातही एक बाग आहे. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूस उद्याचे सर्व दिसत होते, आणि त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला. त्याने ते भय लपविले नाही. पित्यापुढे ते बोलून दाखविले, तीन वेळा बोलून दाखविले. म्हणून भय वाटणे हे पाप नव्हे, ते घेऊन कोठे जावे हा प्रश्न आहे. आणि त्या रात्री प्रभूने आपल्या मित्रांपाशी मागितले तरी किती? जन्मभराचा पहारा मागितला नाही. एक घटका जागे राहा, एवढेच म्हणाला. आजही तो तेवढेच मागतो.

ही एक घटका कशी राखावी, ते थोडक्यात सांगून आम्ही पुरे करतो. सकाळी उठताच क्रुसाची खूण करून दिवस देवास वाहावा. एकच दिवस वाहावा, आठवडा नव्हे. सकाळी, दुपारी व सायंकाळी देवदूताची प्रार्थना करण्याची जुनी चाल आहे, ती घरात पुन्हा सुरू करावी. घंटा ऐकू येवो वा न येवो, हातातील काम क्षणभर थांबले की पळालेले मन परत येते. भाकरी थापताना भाकरी थापावी, लेकरू बोलत असता लेकराकडे पाहावे, आणि भ्रमणध्वनी त्या वेळी दूर ठेवावा. रात्री निजताना दिवसाचा आढावा घ्यावा : मिळाले त्याबद्दल आभार, चुकले त्याबद्दल क्षमा, आणि उरले ते देवाच्या हवाली.

मिरज हे दवाखान्यांचे गाव; दूरदूरचे रोगी तेथे येतात. आपणांपैकी कित्येकांनी कोणा ना कोणाच्या उशाशी तेथे रात्री काढल्या असतील. रिपोर्ट उद्या यावयाचा असतो. त्या रात्री मनुष्य उद्याशी झगडून काय मिळवितो? रिपोर्टातील एक अक्षरही बदलत नाही. परंतु रोग्याच्या ओठांस पाणी लावणे, त्याची उशी नीट करणे, त्याचा हात हातात धरणे, शेजारच्या खाटेवरील परक्यास चहा विचारणे, एवढे त्यास करता येते. जो हे करतो, त्याच्या लक्षात येते की रात्र सरली, आणि आपण एकटे नव्हतो. शांती मिळते ती बहुधा अशीच, तिच्यामागे न धावता, समोरचे काम प्रीतीने करता करता.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्युबिली म्हणजे गेलेली वर्षे मोजण्याचा दिवस, असे आपण समजतो. ज्यांनी ही वेदी उभारली, ज्यांनी येथे मुलांस क्रुसाची खूण करण्यास शिकविले, त्यांचे उपकार मानणे योग्यच आहे. परंतु त्यांनी ती वर्षे वर्षे म्हणून जगली नाहीत. त्यांस एकेक दिवस मिळाला, आणि तो त्यांनी देवास दिला. वर्षे आपण मागाहून मोजली. आपणांसही तेवढेच मिळाले आहे. पुढल्या ज्युबिलीस येथे कोण असेल हे पित्यास ठाऊक. आज कोण आहे हे आपणांस ठाऊक आहे : आपण आहोत, आपल्या शेजारी आपले बांधव आहेत, आणि वेदीवर प्रभू आहे. जो श्रमलेल्यांस व ओझ्याखाली दडपलेल्यांस आपल्याकडे बोलावतो, तो आपणा सर्वांस आजच्या दिवसापुरती कृपा आजच देवो, आणि ह्या विश्रामबागेस तिच्या नावाप्रमाणे करो.